मेडिकल बोर्डाने घरी पाठवलंय? डिसॅबिलिटी पेन्शनचे कागद असे लावा

फौजेतून पोरगा आजारी होऊन कायमचा घरी आला की गावात पहिला प्रश्न येतो, "पेन्शन बसली का?" नोकरी पुरी करून आलेल्याला त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. सहाव्या-सातव्या वर्षी पाठ, गुडघा, कान, हृदय किंवा मन साथ देईनासं झालं म्हणून बोर्ड-आउट झालेल्याला ते देता येत नाही. त्याच्याकडे एक डिस्चार्ज बुक असतं, मिलिटरी हॉस्पिटलच्या कागदांनी भरलेली पिशवी असते आणि त्या कागदांवर नेमकं काय लिहिलंय ते त्याला कुणी समजावून सांगितलेलं नसतं. हा लेख त्याच्यासाठी आहे. त्याच्या वडिलांसाठी आणि बायकोसाठीही आहे, कारण बहुतेक वेळा धावपळ तेच करतात.

मी फौजेत क्लार्क होतो. आता आमच्या तालुक्यातल्या माजी सैनिकांचे कागद लावून देतो. फेटाळलेले दावे वाचताना एकच गोष्ट परत परत दिसते. आजार किरकोळ म्हणून दावा क्वचितच पडतो. आजाराचा आणि नोकरीचा संबंध कागदावर कुणी जोडलेला नसतो, म्हणून पडतो. पुढचं सगळं या एका मुद्द्याभोवतीच आहे.

आधी आपला खाना ओळखा

संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात मृत्यू आणि अपंगत्वाच्या कारणांचे पाच खाने पाडले आहेत: ए, बी, सी, डी आणि ई.

ए म्हणजे नोकरीशी संबंध नसलेला नैसर्गिक आजार, किंवा ड्युटीवर नसताना झालेला अपघात. बी म्हणजे नोकरीमुळे झालेला किंवा नोकरीमुळे वाढलेला आजार: बर्फातली, उंचावरची पोस्टिंग, सततचा ताण, कामातले धोके. सी म्हणजे ड्युटीवरचा अपघात. सरकारी गाडी उलटली, ट्रेनिंगमध्ये पडलो, युनिटच्या अधिकृत खेळात पाय मोडला, हे सगळं सी मध्ये येतं. डी मध्ये ड्युटीवर असताना किंवा नसतानाही दहशतवादी किंवा समाजकंटकांनी केलेले हल्ले येतात. ई म्हणजे शत्रूची कारवाई, सीमेवरची चकमक, सुरुंग वगैरे.

बी आणि सी ला डिसॅबिलिटी पेन्शन मिळते. ई ला वॉर इंज्युरी पेन्शन, जी बरीच मोठी असते. ए मध्ये डिसॅबिलिटी पेन्शन नाहीच. त्यात दहा वर्षं नोकरी झाली असेल तर इनव्हॅलिड पेन्शन, म्हणजे नोकरीला असमर्थ ठरल्याबद्दलची साधी पेन्शन मिळते, त्याहून कमी असेल तर साधारणपणे एकरकमी ग्रॅच्युइटी हातात ठेवून मोकळं केलं जातं. त्यामुळे झगडा जवळजवळ नेहमी ए आणि बी यांच्यामध्ये असतो. एकच रक्तदाब, एकच मानसिक आजार, एका जवानाचा ए मध्ये लिहिला जातो आणि दुसऱ्याचा बी मध्ये.

सुट्टीतल्या अपघाताबद्दल फार विचारतात, म्हणून इथेच सांगतो. युनिटमधून घरी येताना किंवा परत युनिटला जाताना नेहमीच्या रस्त्यात अपघात झाला तर तो ड्युटीत धरण्याचा आधार नियमात आहे. सुट्टीत घरी असताना स्वतःच्या कामासाठी मोटारसायकलवरून जाताना, शेतात काम करताना किंवा नातेवाईकांकडे जिन्यावरून पडून झालेली दुखापत मात्र सर्वोच्च न्यायालयानेही नोकरीशी जोडलेली मानलेली नाही. त्या दाव्यावर वर्षं घालवू नका.

बोर्डाचा कागद वाचायला शिका

मेडिकल बोर्ड ज्या फॉर्मवर लिहितं तो एएफएमएसएफ-१६. हा फॉर्म तुमच्या दाव्याचा पाया आहे. तो हातात नसेल तर बाकी काहीही करू नका, आधी तो मिळवा.

फॉर्मच्या सुरुवातीला तुमच्या पोस्टिंगचा तक्ता असतो: कुठून कुठपर्यंत, कोणतं ठिकाण, आणि ते पीस (शांततेचं ठिकाण) की फील्ड (सीमेवरचं किंवा चकमकीचं ठिकाण). हा तक्ता सावकाश वाचा. सियाचीन, कारगिल, काश्मीर खोरं, ईशान्येतली बंडखोरीविरोधी ड्युटी, यातलं काही सुटलंय का? एखाद्या युनिटबरोबर पीसमध्ये होतो पण मधे चार महिने अटॅचमेंटवर पुढे गेलो होतो, ते लिहिलंय का? रक्तदाबासारख्या आजारात बोर्ड हाच तक्ता पाहून ठरवतं की आजार कुठल्या पोस्टिंगमध्ये सुरू झाला. सुरुवात पीस स्टेशनला दाखवली की पुढचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं.

त्यानंतर तुमचं स्वतःचं निवेदन येतं. भरतीआधी हा त्रास होता का, पहिल्यांदा कधी आणि कुठे जाणवला, उपचार कुठे घेतले, असे प्रश्न असतात. बोर्डाच्या दिवशी जवान घाबरलेला असतो, थकलेला असतो, "सही कुठे करू साहेब" एवढंच विचारतो आणि मोकळा होतो. पाठदुखीच्या एका जवानाच्या निवेदनात "लहानपणापासून अधूनमधून दुखायचं" असं वाक्य मी वाचलं आहे. तो काय म्हणाला होता विचाराल, तर लहानपणी विहिरीवरून पाणी ओढायचो तेव्हा कंबर भरून यायची. त्या एका वाक्यावर "नोकरीत येण्याआधीचा आजार" असा शेरा बसला. बोर्ड अजून व्हायचं असेल तर हे निवेदन स्वतः लिहा, आधी कच्च्या कागदावर लिहून काढा, तारखा घाला, आणि कुणी दुसऱ्याने भरलं असेल तर वाचल्याशिवाय सही करू नका.

युनिटच्या कमांडिंग ऑफिसरचं म्हणणं वेगळं नोंदवलेलं असतं. मानसिक आजाराच्या केसमध्ये सीओचा अहवाल फार वजनदार ठरतो. माणूस आधी कामात कसा होता, कुठल्या प्रसंगानंतर बदलला, हे त्यात येतं. हृदयविकाराच्या केसमध्ये झटक्याआधीच्या चौदा दिवसांत जवान काय ड्युटी करत होता याचा दाखला युनिटकडून मागवला जातो. त्या चौदा दिवसांत रोज पीटी, रूट मार्च, रात्रीची गस्त होती आणि दाखल्यात नुसतं "नॉर्मल ड्युटी" लिहिलं असेल, तर दावा तिथेच लंगडा होतो.

मग येतो मुख्य भाग: आजाराचं नाव, तो नोकरीमुळे झाला का, नोकरीमुळे वाढला का, आणि कारणं. इथे दोन शब्द लक्षात ठेवा. ॲट्रिब्युटेबल म्हणजे नोकरीमुळे झालेला. ॲग्रॅव्हेटेड म्हणजे मुळात कशानेही असो, नोकरीमुळे वाढलेला. पेन्शनसाठी दोन्हींपैकी एक पुरे. दोन्हीला "नाही" असेल तर त्याला कागदात एनएएनए म्हणतात, आणि बहुतेक नकारपत्रांत हीच चार अक्षरं असतात.

शेजारचा कारणांचा रकाना नीट पाहा. तिथे फक्त "कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर" (म्हणजे शरीराच्या मूळ घडणीतूनच आलेला आजार) किंवा "नोकरीशी संबंध नाही" एवढंच खरडलेलं असेल, तर ते कारण झालं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ ला धरमवीर सिंह यांच्या निकालात हेच सांगितलं. ते सिग्नल्समध्ये होते, साधारण नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फिट्सच्या आजारामुळे बाहेर काढले गेले, बोर्डाने अपंगत्व २० टक्के धरलं आणि आजार कॉन्स्टिट्यूशनल म्हणून पेन्शन नाकारली. न्यायालयाने म्हटलं, भरतीच्या वेळी हा आजार नोंदलेला नसेल तर जवान धडधाकट आला असं मानायचं. पुढे तो आजारामुळे बाहेर पडला तर बिघाड नोकरीत झाला असं धरायचं. हा आजार भरतीच्या वेळी तपासणीत कळण्यासारखा नव्हता असं बोर्डाचं म्हणणं असेल, तर बोर्डाने त्याची कारणं लिहायची. सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही, आणि शंका असेल तर तिचा फायदा जवानाला.

हा निकाल जुन्या, १९८२ च्या पात्रता नियमांवर दिलेला आहे, हे ध्यानात ठेवा. २००८ मध्ये नियम बदलले आणि २१ सप्टेंबर २०२३ ला पुन्हा नवे नियम आले. नव्या नियमांत भाषा कडक झाली आहे, आणि अपंगत्व आल्यावरही नोकरी करत राहून निवृत्त होणाऱ्यांच्या रकमेला आता "इम्पेअरमेंट रिलीफ" असं नाव आहे. तुम्हाला कुठले नियम लागू हे नोकरीतून कधी बाहेर पडलात त्यावरून ठरतं. गावातल्या कुणाला २०१० साली अमुक मिळालं म्हणून आपल्यालाही तसंच मिळेल, असं धरून चालू नका.

शेवटचा रकाना टक्केवारीचा आणि मुदतीचा. मुदत "लाइफलाँग" आहे की काही वर्षांची, ते पाहा. पूर्वी ठराविक वर्षांनी रिसर्व्हे बोर्डाला जावं लागायचं आणि तिथे टक्के कमी व्हायची भीती असायची. २००१ नंतर कायमस्वरूपी अपंगत्वासाठी हा फेरा बंद झाला. त्रास वाढला तर पुनर्तपासणी तुम्ही स्वतः मागू शकता.

टक्केवारी आणि पैसे

डिसॅबिलिटी पेन्शनचे दोन भाग असतात. पहिला सर्व्हिस एलिमेंट, म्हणजे शेवटच्या धरलेल्या पगाराचा निम्मा. नोकरीशी जोडलेल्या अपंगत्वामुळे बोर्ड-आउट झालेल्याला यासाठी पंधरा वर्षांची अट नाही. हे न कळल्यामुळे कितीतरी कुटुंबं पहिल्याच दिवशी आशा सोडतात. दुसरा डिसॅबिलिटी एलिमेंट, १०० टक्के अपंगत्वाला पगाराच्या ३० टक्के, आणि अपंगत्व कमी असेल तसा त्या प्रमाणात कमी.

इथे ब्रॉड-बँडिंग कामाला येतं. बोर्ड-आउट झालेल्याचं अपंगत्व ५० टक्क्यांच्या आत असेल तर ५० धरतात, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि ७६ ते १०० असेल तर सरळ १००.

समजा मूळ वेतन, मिलिटरी सर्व्हिस पे आणि बाकी धरण्याजोगे भत्ते मिळून शेवटचा पगार ४०,००० रुपये होता. सर्व्हिस एलिमेंट २०,०००. बोर्डाने २० टक्के अपंगत्व दिलं असेल तर ब्रॉड-बँडिंगशिवाय डिसॅबिलिटी एलिमेंट २,४०० होतो. ५० धरल्यावर तोच ६,००० होतो. ६० टक्के असेल तर ७५ धरून ९,०००, आणि ८० असेल तर १०० धरून १२,०००. यावर महागाई भत्ता वेगळा. वॉर इंज्युरीत बोर्ड-आउट झालेल्याला १०० टक्के अपंगत्वाला ३० ऐवजी पूर्ण १०० टक्के पगार धरतात, म्हणजे याच उदाहरणात तो भाग ४०,००० होतो. आपल्या पीपीओवरचा, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा आकडा असा कागद-पेन्सिल घेऊन एकदा तरी ताडून पाहा. पीपीओत ब्रॉड-बँडिंग लावायचं राहून गेलेल्या केसेस आजही सापडतात, विशेषतः जुन्या.

नोकरीची मुदत पुरी करून लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे तब्येतीचा दर्जा खाली आलेला असताना निवृत्त झालेल्यांना ब्रॉड-बँडिंग मिळत नसे. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालात तेही दिलं. २०२३ च्या आधी निवृत्त झालेल्या आणि अजून जुन्याच टक्क्यांवर पेन्शन घेणाऱ्या काकांनी आपला पीपीओ जरूर काढून बघावा.

आणि बोर्डाने २० च्या आत, म्हणजे ११ ते १४ किंवा १५ ते १९ टक्के लिहून बाहेर काढलं असेल तर? अपंगत्व २० पेक्षा कमी म्हणून एलिमेंट नाही, असं उत्तर येतं. सुखविंदर सिंह यांच्या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की, फौजेतून काढून टाकावं इतकं अपंगत्व असेल तर ते २० टक्क्यांपेक्षा जास्त मानलंच पाहिजे. हा मुद्दा अपिलात नावानिशी लिहा.

कागद जमवा

पहिलं पत्र तुमच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे तुमच्या नोकरीचे कागद जिथे ठेवतात त्या कार्यालयाला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं अहिल्यानगरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. अर्जात आर्मी नंबर, हुद्दा, नाव, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख घाला आणि हे मागा: मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत, आधीच्या सगळ्या कॅटेगरी बोर्डांच्या म्हणजे एएफएमएसएफ-१५ च्या प्रती, हॉस्पिटलचे डिस्चार्ज समरी, भरतीच्या वेळचा मेडिकल फॉर्म, आणि दुखापत असेल तर इंज्युरी रिपोर्ट आयएएफवाय-२००६ व कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा निष्कर्ष.

भरतीचा मेडिकल फॉर्म जवान विसरतात. त्यावर "फिट" असा शिक्का आणि आजाराच्या रकान्यात काहीच नसणं, हा तुमचा सगळ्यात स्वस्त पुरावा आहे.

महिन्याभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. केंद्राच्या ऑनलाइन आरटीआय पोर्टलवरून होतो, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. स्वतःच्या वैद्यकीय कागदांची प्रत मागायला संकोच करू नका.

युनिटमधले जुने सोबती अजून फोनवर असतात. अपघात ज्यांनी पाहिला, जे त्याच बंकरमध्ये होते, त्यांच्याकडून तारीख, जागा आणि घटना लिहिलेलं साधं निवेदन सहीसह घ्या. सैनिकी कागदांत जी ओळ राहून गेली ती अशा निवेदनाने अपिलात भरून निघू शकते. डिस्चार्जनंतर गावाकडे किंवा जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये उपचार चालू असतील तर तेही कागद तारखेप्रमाणे लावून ठेवा.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन नाव नोंदवा आणि माजी सैनिकाचं ओळखपत्र काढा. अर्ज लिहून देणं, तो कुठे पाठवायचा ते सांगणं, ही कामं तिथे मोफत होतात. नालसाने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे, तिच्याखाली सैनिक बोर्डांत कायदेशीर मदत मिळण्याची सोय आहे. चौकशी करा.

नकाराचं पत्र आलं तर

पत्र आलं त्या दिवशी त्यावर पेन्सिलने तारीख टाका आणि पाकीटही जपून ठेवा. मुदत तिथून मोजली जाते.

पहिलं अपील ॲपेलेट कमिटी ऑन फर्स्ट अपील्सकडे, रेकॉर्ड ऑफिसमार्फत, सहा महिन्यांच्या आत. तेही फेटाळलं तर दुसरं अपील सेकंड ॲपेलेट कमिटी ऑन पेन्शनकडे, पुन्हा सहा महिन्यांच्या आत. "मी गरीब आहे, दोन लेकरं आहेत, कृपा करावी" एवढंच लिहिलेलं अपील उपयोगाचं नसतं. परिस्थिती लिहा, ती खरीच असते, पण शेवटी दोन ओळींत. वरचा सगळा कागद मुद्द्यांचा असू द्या: भरतीच्या वेळी फिट होतो, त्याचा पुरावा अमुक. आजार पहिल्यांदा अमुक तारखेला अमुक पोस्टिंगमध्ये दिसला. त्याआधी इतके महिने फील्डमध्ये होतो. बोर्डाने कारण म्हणून फक्त इतकंच लिहिलं, ते कारण होत नाही. म्हणून आजार नोकरीमुळे झालेला किंवा निदान वाढलेला धरावा. "निदान वाढलेला" हे शब्द घालायला विसरू नका. अनेकजण फक्त ॲट्रिब्युटेबलसाठी भांडतात आणि सोपा असलेला ॲग्रॅव्हेशनचा मुद्दा सोडून देतात.

दोन्ही अपिलं गेली की आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झालं. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी खंडपीठ मुंबईला आहे. निवृत्त माणूस जिथे राहतो तिथल्या खंडपीठात अर्ज करता येतो, म्हणजे नोकरी आसामात झाली असली तरी साताऱ्याच्या जवानाला मुंबईच. शेवटच्या आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. अपिलावर सहा महिने उत्तरच नाही आलं तरी दार उघडं असतं. खंडपीठात एक न्यायाधीश आणि एक सैन्यातला निवृत्त वरिष्ठ अधिकारी असतात, त्यामुळे ड्युटी कशी असते हे पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नाही. ट्रिब्युनलनंतर सर्वोच्च न्यायालय आहेच, आणि मार्च २०२३ च्या निकालानंतर उच्च न्यायालयात रिट करण्याचा मार्गही मोकळा आहे.

वकील घ्याल तेव्हा फी आधी ठरवा आणि लेखी घ्या. मिळणाऱ्या थकबाकीतून अमुक टक्के द्या, असा सौदा वकिलाने करणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. तालुक्याच्या ठिकाणी फिरणारे एजंट तर बिनदिक्कत असं मागतात, वर एटीएम कार्ड आणि स्पर्शचा, म्हणजे सैनिकी पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीचा पासवर्डही मागतात. त्यांना दारात उभं करू नका.

वीस वर्षांपूर्वी नकार आला, आता काय होणार, असं म्हणून बसून राहिलेले फार आहेत. पेन्शन दर महिन्याला देय होते, म्हणून ती नाकारणं हा चालू अन्याय मानला जातो. तरसेम सिंह यांच्या २००८ च्या निकालाप्रमाणे उशीर झाला तरी दावा करता येतो. मात्र मागची थकबाकी साधारण अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. वरच्या उदाहरणातले महिना ६,००० धरले तर तीन वर्षांचे २,१६,००० रुपये, आणि त्याआधीचं सगळं गेलं. उशिराची किंमत ही अशी असते.

कुठलंच काम जमत नाही अशी वेळ असेल तर

आपल्याकडच्या पद्धतीत शरीराला किती टक्के इजा झाली ते मोजतात. त्या माणसाला पोट भरण्यापुरतं काम करता येईल का, हे बहुतेक ठिकाणी कुणी विचारत नाही. ट्रक चालवणाऱ्याची दृष्टी गेली काय आणि क्लार्कचा गुडघा गेला काय, तक्ता तोच. मला ही या व्यवस्थेतली मोठी उणीव वाटते. पण एका जागी हा प्रश्न नियमात आला आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे.

नोकरी दहा वर्षांपेक्षा कमी आणि आजार एनएएनए असेल तर पूर्वी ग्रॅच्युइटीवरच समाधान मानावं लागे. १६ जुलै २०२० च्या मंत्रालयाच्या पत्राने ठरलं की, असा जवान सैन्याच्या नोकरीला आणि बाहेरच्या नोकरीलाही कायमचा असमर्थ झाला असेल तर दहा वर्षं नसली तरी त्याला इनव्हॅलिड पेन्शन मिळेल. ४ जानेवारी २०१९ ला किंवा त्यानंतर नोकरीत असलेल्यांना हे लागू आहे. इथे सगळं "बाहेरच्या नोकरीलाही असमर्थ" या शब्दांवर अवलंबून आहे. बोर्डाच्या कागदावर ते नसतील तर पेन्शन मंजूर करणारं कार्यालय फाइल परत पाठवतं. तीव्र मानसिक आजार, दोन्ही पाय गेलेले, वारंवार फिट्स येणारे, अशा केसमध्ये बोर्डापुढे किंवा अपिलात हा मुद्दा स्पष्ट मागा, आणि गेल्या वर्ष-दोन वर्षांत कोणतं काम करून पाहिलं, का सोडावं लागलं, डॉक्टर काय म्हणतात, ते जोडा.

१०० टक्के अपंगत्व असून सतत सोबतीची गरज आहे असं बोर्डाने लिहिलं असेल तर कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स वेगळा मिळतो. बोर्डाने ते लिहिलं नसेल तर मागून घ्या. 

उलट बाजूने, थोडंफार काम जमत असेल तर भीतीपोटी घरी बसू नका. नोकरी लागली म्हणून डिसॅबिलिटी पेन्शन बंद होत नाही. खडकीच्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये १९१७ पासून अपंग जवानांना हाताला काम देणारं शिक्षण मिळतं. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये कृत्रिम पाय-हात बसतात. कमरेखाली लुळे झालेल्यांसाठी खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, तिथे व्हीलचेअरवरचे जवान राहतात, काम करतात, खेळतात. राज्याच्या गट क आणि ड च्या सरकारी भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. अपंगांसाठीच्या ४ टक्के आरक्षणाकरता मात्र बोर्डाचा कागद चालत नाही. सिव्हिल हॉस्पिटलमधून किमान ४० टक्क्यांचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (अपंगांचं केंद्राचं ओळखपत्र) वेगळं काढावं लागतं.

अग्निवीर असाल तर

२०२२ नंतर अग्निवीर म्हणून गेलेल्यांना पेन्शनचे वरचे नियम लागू नाहीत. नोकरीशी जोडलेल्या अपंगत्वासाठी एकरकमी सानुग्रह रक्कम आहे: १०० टक्के अपंगत्वाला ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख रुपये. राहिलेल्या मुदतीचा पगार आणि सेवा निधीही मिळतो. म्हणजे आजार नोकरीशी जोडला गेला की नाही यावर इथे लाखोंचा फरक पडतो. इंज्युरी रिपोर्ट, सीओचं मत, बोर्डाचा कारणांचा रकाना, यांबद्दल वर जे लिहिलं ते अग्निवीराने दुप्पट काळजीने करावं. त्याला दुसरी संधी दरमहा येत नाही.

मंजुरी आल्यावर

पीपीओ आता स्पर्श प्रणालीवर दिसतो. लॉगिन स्वतःच्या मोबाइल नंबरवर करा, सायबर कॅफेवाल्याच्या नको. हयातीचा दाखला दरवर्षी वेळेत द्या, तो चुकला की पेन्शन थांबते. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड काढा, औषधोपचाराचा मोठा भार उतरतो. नोकरीशी जोडलेल्या अपंगत्वामुळे बोर्ड-आउट झालेल्याच्या डिसॅबिलिटी पेन्शनवर आयकर लागत नाही, सर्व्हिस एलिमेंटवरही नाही. बँकेने किंवा स्पर्शने कर कापला असेल तर रिटर्न भरून परत मागा.

आणि पीपीओ हातात आला की बायकोचं नाव, तिची जन्मतारीख आणि मुलांची नावं आधार कार्डाशी अक्षर अन् अक्षर ताडून घ्या. नोंदीत "सुनिता" आणि आधारवर "सुनीता" असेल, किंवा माहेरचं नाव राहिलं असेल, तर जवान असेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही आणि फॅमिली पेन्शनच्या वेळी तिला रेकॉर्ड ऑफिसच्या खेपा घालाव्या लागतात. जवान हयात असताना ही दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसला एक अर्ज आणि जोडीला दाखले पाठवून होते. ती याच महिन्यात करून घ्या.